फ्रेम दोनशे बारा

द्राक्षांना अजून महिना आहे.
तेलावीत सध्या रानटी प्लमचे दिवस,
रस्त्यावर पडलेले, टायरांखाली फुटलेले,
गांधीलमाश्यांनी आधीच वाटून घेतलेले.
उरलेल्यांचा गर आम्ही शिजवतो, गाळतो,
ट्रेवर ओततो तीन मिलिमीटर जाडीचा,
पट्टीनं मोजून.

गावात याला त्क्लापी म्हणतात.
तिथे या आंबट पोळ्या दोरीवर वाळतात
उशांच्या अभ्र्यांशेजारी.
इथे त्यांना एक पेटी आहे,
पंचावन्न अंशांचा वारा
आणि छताला दोन कॅमेरे :
एक रंग पाहतो,
दुसरा फक्त ऊब.

माझं काम जागं राहायचं.
दर दोन मिनिटांनी खट् होतं
आणि पडद्यावर नवं चित्र येतं, जुन्यासारखंच.

ओलं असतं ते निळं दिसतं.
पाणी उडून जाताना जागा गार करून जातं,
म्हणून त्या भट्टीतही मधोमध एक तळं,
भोवती पिवळी कड,
आणि रात्रभर कड आत सरकत येते.
डॉक्टर नानुली तिला 'वाळण्याची आघाडी' म्हणतात.
आघाडीवर माझा भाऊ होता एकदा.
मी कडच म्हणतो.

परवा रात्री एकच्या सुमारास
मी चहा करायला गेलो.
(हे अहवालात नाही.)
परत आलो तर पेटीचं दार जेमतेम लोटलेलं,
त्सियुरी बादलीपाशी उभी, तर्जनी चोखत.
"साखर घातलीच नाहीत," म्हणाली.
मग पिळा देऊन फडकं झटकलं :
"अजून तासभर."

दोनशे अकरा : तळं, कड.
दोनशे बारा : हात.

मला वाटायचं, माणसाचा हात असल्या चित्रात
पेटून उठत असेल, नारिंगी, लाल.
पण पंचावन्न अंशांच्या जगात आपण गारच.
त्यात ती फरशी पुसून आलेली.
निळा, जवळजवळ काळा हात,
तळ्याहूनही थंड,
चार बोटं अधांतरी
आणि एक टेकलेलं.

दोनशे तेरा : हात नाही, एक ठिपका.
चौदा : फिकट.
पंधरामध्ये तो शोधावा लागतो.
सोळामध्ये
शोधून सापडत नाही.

तासाभरानं पोळी सुटली नाही.
एक तास चाळीस मिनिटं लागली.
"तुमचा वारा एकाच अंगानं येतो," त्सियुरी म्हणाली,
जशी काही चूक वाऱ्याची.
मी हसलो. मग उगाचच
मागच्या सगळ्या रात्री काढून बसलो :
उजवी कड दर वेळी उशिरा.
अठरा रात्री उजवी कड उशिरा,
आणि मी तिच्यासमोर जागा होतो.

पंखा आता हलवलाय.
ती फ्रेम मात्र काढून टाकली.
आलेखात रेघ अकरावरून थेट तेरावर जाते,
कुणाला ठेच लागत नाही.
बरोबरच आहे. आम्ही पाणी मोजतो,
बोटं नाही.

पण दुसरा कॅमेरा, रंग पाहणारा,
त्याच्या चित्रांत दोनशे बारानंतर
शेवटपर्यंत एक खळगा आहे.
पोळी कडेनं सुटते, आक्रसते, लालसर होत जाते,
खळगाही तिच्याबरोबर.
मी मोजला : चौदा मिलिमीटरचा
पहाटेपर्यंत नऊ झाला.
बोट मोठ्या बाईचं टेकलं होतं,
उरलं ते लहान मुलाचं.

पोळी फ्रिजमध्ये आहे, खालच्या कप्प्यात,
चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात : बाद.
प्रकाशाला तिरपी धरली
तर खळग्यात रेषाही दिसतात, बारीक,
एकमेकींना चिकटलेल्या.
कुणाचं तरी बोट आता त्यात नेमकं बसेल.
अजून कुणाला बोलावलेलं नाही.